शेड अठरा फुटी, होडी सव्वीस फुटी

तुमचं पाकीट उघडलं तर पत्र चार पानी आणि नकाशे अकरा. सगळे टेबलावर पसरले, चहा गार झाला तरी बघत होतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमची अडचण थोडक्यात सांगतो. तुम्हाला स्वतःच्या हाताने शिडाची होडी बांधायची आहे. सुतारकामाची पुंजी म्हणजे दोन कपाटं आणि एक पलंग. मित्राबरोबर शिडाच्या होडीतून दोनदा फिरलात आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. जागा म्हणजे घरामागची शेड, अठरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. वेळ फक्त रविवारचा. होडीत बसणार तुम्ही, तुमच्या पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. पाणी म्हणाल तर तासाभराच्या अंतरावरचा मोठा जलाशय.

डिझाइनं तुम्ही तीन निवडलीत. एक, आठ फुटी पडल डक, चौकोनी खोक्यासारखी. दोन, मायकल स्टोरर यांचं गोट आयलंड स्किफ, साडेपंधरा फुटी. आणि तीन, एका जुन्या पुस्तकातून फोटो काढून मोठा केलेला, सव्वीस फुटी केबिनवाल्या होडीचा नकाशा. तिच्यात चार झोपायच्या जागा, स्टोव्ह, तळाला शिशाचा कील, म्हणजे होडी सरळ ठेवणारं जड वजन. पहिल्या दोघींबद्दल तुम्ही मिळून अर्धं पान लिहिलंय आणि तिसरीबद्दल अडीच. वर हा प्रश्न, दोनदा अधोरेखित: ‘एकदाच बांधणार, तर मोठीच का नको?’

मोठी नको. आणि ‘एकदाच बांधणार’ हे गृहीतकही जरा बाजूला ठेवा. पहिली होडी पूर्ण केलेल्या माणसाने दुसरी बांधली नाही, असं मी फार कमी पाहिलंय. ज्यांनी खरोखर एकच बांधली, त्यांची बहुतेक वेळा तीच अर्धी राहिलेली असते.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. माझी स्वतःची पहिली होडी बावीस फुटी होती. नकाशा सुंदर होता, त्यात शंकाच नाही. कामट्या, म्हणजे होडीच्या बरगड्या, उभ्या केल्या, त्या दिवशी शेजारीपाजारी बघायला आले, फोटो काढले. दोन वर्षं त्या कामट्या तशाच उभ्या राहिल्या. मी दर रविवारी त्यांच्याकडे बघायचो आणि काहीतरी छोटंसं करून परत यायचो, एखादी कड घासायची, एखादं माप परत तपासायचं. शेवटी त्या कापल्या. त्यातल्या एकीचं फडताळ केलंय, त्यावर आज रंगाचे डबे आहेत. त्यानंतर अकरा फुटी होडी घेतली, तिला आठ महिने लागले, आणि ती पाण्यात उतरली.

आता हिशेब करू, कारण स्वप्नांवर हिशेबाइतका चांगला उतारा नाही. एकाच आकाराची होडी दुप्पट लांब केली की ती दुप्पट मोठी होत नाही, आठपट होते, कारण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. बारा फुटी होडीच्या जागी त्याच ठेवणीची सव्वीस फुटी घेतली तर ती दुपटीहून थोडी मोठी नव्हे, साधारण दहापट होडी झाली. वजन त्या चालीने वाढतं आणि काम त्याच्या मागोमाग जातं. तुमचे रविवार बावन्न. त्यातली लग्नकार्यं, आजारपणं, पाहुणे आणि नुसताच कंटाळा वजा करा, चाळीस उरतील. एका रविवारी सलग सहा तास हाताशी आले तर नशीब समजा. म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस तास. बारा फुटी प्लायवूडची साधी होडी नवख्या माणसाला साधारण तेवढ्यातच होते, थोडं मागेपुढे. याच हिशेबाने सव्वीस फुटी पूर्ण होईल तेव्हा तुमची मुलगी एकोणीस वर्षांची असेल आणि बाबांबरोबर होडीत यायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल.

शिवाय होडीचं अंग बांधून झालं की काम संपलं असं वाटतं, तिथे खरं म्हणजे एक तृतीयांशच झालेलं असतं. राहिलेल्यात रंग, डोलकाठी, शीड, सुकाणू, दोऱ्या, कड्या, कप्प्या, आणि केबिन असेल तर आतलं सगळं घरच. तुमच्या त्या नकाशातला शिशाचा कील ओतायचा म्हणजे शेकडो किलो शिसं वितळवून साच्यात घालणं. शिशाची वाफ विषारी, आणि साच्यात थेंबभर ओल राहिली तर वितळलेलं शिसं उसळून बाहेर येतं. रविवारी सकाळी करायचं काम नव्हे हे.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खालच्या कोपऱ्यात आकड्यांचा जो तक्ता आहे, तो कापायची मापं देत नाही. त्या आकड्यांवरून होडीच्या रेषा जमिनीवर खऱ्या मापात काढायच्या, लवचीक पट्टी वाकवून त्या गुळगुळीत करायच्या, तीन बाजूंनी एकमेकींशी जुळवायच्या आणि मग त्यावरून कामट्यांचे साचे उतरवायचे. याला लॉफ्टिंग म्हणतात. सुंदर विद्या आहे, मला आवडते. पण त्यासाठी सव्वीस फूट सपाट जमीन लागते आणि तुमची शेड अठरा फूट आहे. नकाशा पूर्ण मापात काढायलाच जागा नाही, मग होडीची गोष्टच सोडा.

मोठी होडी पळते जास्त, असं एक कारण तुम्ही दिलंय. पाण्याला चिकटून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याला टेकलेल्या भागाच्या, लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा, नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, वेगाची साधारण कमाल मर्यादा मिळते. बारा फूट पाणरेषेला 4.6 नॉट, पंचवीस फुटांना 6.7. दहापट होडी बांधून मिळाले ते दोन नॉट. जलाशयावर ते तुम्हाला कळणारही नाहीत.

तेव्हा सव्वीस फुटीचा नकाशा चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावा. खरंच लावा, टोमणा नाही मारत.

आता उरलेल्या दोघी. त्यांच्याबद्दल तुम्ही फारच घाईत लिहिलंय, म्हणून मला लांबलचक लिहायला लागणार.

पडल डक रेसर हे डिझाइन डेव्हिड रूथ यांनी 2003 साली मांडलं. गंमत अशी की त्यात नियम फक्त खालच्या दहा इंचांना आहे. तळाचा तेवढा भाग सगळ्यांचा सारखा हवा, वर कुणी काहीही करावं. लोकांनी त्यावर केबिनसुद्धा बांधल्या आहेत. लांबी आठ फूट का, तर प्लायवूडचा पत्रा आठ फुटांचा येतो. हेच बंधन क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये ऑप्टिमिस्ट आखताना पाळलं होतं. आज जगभर मुलं ज्या होडीत शीड शिकतात ती पावणेआठ फुटी होडी. पत्र्याच्या आत बसलं की जोड घालावा लागत नाही, आणि नवख्याचा सगळ्यात भीतीचा सांधा वाचतो. पडल डक तुम्ही पाच-सहा रविवारांत उभी कराल. फक्त तिच्यात तुम्ही एकटे बसाल. मुलगी फार तर पुढे गुडघे पोटाशी घेऊन. पत्नी काठावर. तीन माणसांच्या घरात एका माणसाची होडी आणली की ती किती रविवार काठावरून बघितली जाईल, हे तुम्हीच ठरवा.

गोट आयलंड स्किफ मला मनापासून आवडते. सपाट तळ, सरळ बाजू, एकच मोठं लग शीड, म्हणजे वरच्या तिरक्या दांडीला बांधलेलं चौकोनी शीड, जवळजवळ दहा चौरस मीटरचं. आणि अंगाचं वजन साठ किलोंच्या आतबाहेर. बांधायला सोपी म्हणून तिची कीर्ती आहे आणि ती खोटी नाही. पण बांधायला सोपी आणि चालवायला सोपी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि नवा माणूस नेमका इथे फसतो. हलकं अंग आणि मोठं शीड म्हणजे झुळूक आली की होडी उडी मारते. तिला सावरायला माणसांनी चटकन काठावर सरकायला हवं. तुम्ही दोनदा फिरलात, दोन्ही वेळा सुकाणू मित्राच्या हातात. तुमची मुलगी मध्ये बसून खाली बघत असेल, पत्नीने एका हाताने बाजूचा काठ धरलेला असेल, आणि वारा वळेल. दोन मोसम एखाद्या शांत होडीत काढल्यावर ही होडी घ्या, मग ती हसवेल. शिवाय अठरा फुटांच्या शेडमध्ये साडेपंधरा फुटी ठेवली की दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा फूट उरतो. तेवढ्यात रंधा मारायला हात मागे घेता येत नाही. मी प्रयत्न केलाय, कोपर भिंतीला लागून सोलून निघतं.

म्हणजे शेडच तुमचं डिझाइन निवडतेय. चारही बाजूंना किमान दोन-अडीच फूट सोडा. उरते तेरा फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद अशी जागा, बाजूला दोन फुटांवर भागवून. या मापात तीन माणसं आरामात बसतील, नवख्याला जमेल आणि शांत चालेल, अशा होड्या आहेत आणि त्या तुम्ही बघितलेल्याच नाहीत, कारण त्यांच्या नकाशात स्टोव्ह नाही.

पहिली मिरर. 1963 मध्ये लंडनच्या बोट शोमध्ये ती लोकांसमोर आली. आखणी जॅक होल्ट यांची आणि बांधायची रीत बॅरी बकनेल यांची. हे बकनेल टीव्हीवर लोकांना घरची दुरुस्ती शिकवायचे. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने ती पुढे आणली म्हणून नावही तेच, आणि शिडं लाल. लांबी दहा फूट दहा इंच, रुंदी साडेचार फुटांच्या आसपास, अंगाचं वजन पंचेचाळीस किलो. आतापर्यंत सत्तर हजारांहून जास्त होड्यांना शिडावरचे नंबर दिले गेलेत. त्यातल्या पुष्कळ होड्या कधीही होडी न बांधलेल्या लोकांनी राहत्या घरात बांधल्या. तिच्या बाकांखाली आणि पुढच्या डेकखाली बंद हवेच्या पेट्या आहेत. त्याच पेट्या होडीला ताठ ठेवतात आणि उलटली तर तरंगवतात. तुमची मुलगी बारा-तेरा वर्षांची होईल तेव्हा ती एकटीने मिरर चालवेल. आज मात्र दोन मोठी माणसं आणि एक मूल म्हणजे मिरर भरली. जमतं, पण डबा ठेवायला जागा शोधावी लागते.

दुसरी पॅसेजमेकर, जॉन हॅरिस यांचं डिझाइन, अकरा फूट सात इंच. पुढचं टोकही मागच्यासारखं बोथट कापलेलं असतं, अशा जातीला प्रॅम म्हणतात. दिसायला काहींना ती बुटकी वाटते, पण टोकदार नाळ, म्हणजे निमुळतं पुढचं टोक, काढून टाकल्यामुळे त्याच लांबीत आत जागा जास्त मिळते. एक शीड किंवा दोन शिडं, दोन्ही पर्याय आहेत. वल्ही मारायलाही हलकी. तिघांसाठी ती मिररपेक्षा ऐसपैस आहे.

तिसरी स्कॅम्प, जॉन वेल्सफर्ड यांची, अकरा फूट अकरा इंच. हिच्यात एक छोटीशी आडोशाची जागा आहे, पाऊस आला की डोकं आत घालायला, आणि तळात पाण्याची टाकी आहे, सुमारे सत्त्याहत्तर किलो पाणी मावणारी. होडी पाण्यात उतरली की टाकी भरायची, बाहेर काढताना सोडून द्यायची. म्हणजे शिसं न ओतता वजन मिळालं. तुमच्या सव्वीस फुटीतलं जे मनात भरलंय, म्हणजे पाण्यावर एक रात्र काढणं, ते हिच्यात एका माणसाला खरंच करता येतं. पण अंग जड आहे, भाग पुष्कळ आहेत, आणि तासांचा आकडा मिररच्या दुपटीहून पुढे जाईल. रुंदीही पाच फुटांच्या वर आहे, म्हणजे तुमच्या शेडमध्ये आडवं चालावं लागेल.

माझं मत पॅसेजमेकर. तुम्हाला मिरर जास्त आवडली तर मी वाद घालणार नाही. रात्र काढायचीच असेल तर काठावर तंबू टाका. तिघंही झोपाल, आणि स्टोव्हही नेता येईल.

मिरर आणि पॅसेजमेकर बांधायच्या रीतीला शिवून-चिकटवणं म्हणतात, आणि ती रीत प्रसिद्ध केली ती मिररनेच. साधारण सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचे तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे. कडेला थोड्या-थोड्या अंतरावर बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना टाचायचे. जमिनीवर पसरलेली पाच-सहा सपाट पानं असतात. तुम्ही एकेक तार पिळत जाता, आणि अर्ध्या तासात पानं वर उठून होडीचा आकार घेतात. त्या अर्ध्या तासासाठी मी अजूनही होड्या बांधतो. तार फार आवळू नका, कापते. सगळ्या तारा आधी सैल लावा, मग मधून दोन्ही टोकांकडे हळूहळू पिळत जा, आणि दर वेळी मागे उभं राहून एक डोळा मिटून बघा की होडीला पीळ बसला नाही ना. पीळ आत्ताच काढता येतो. नंतर तो जन्मभराचा.

मग आतल्या सांध्यात इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा पक्का गोंद, आणि लाकडाचा भुसा कालवून घट्ट लेप भरायचा आणि चमच्याच्या पाठीने गोल फिरवायचा. वर काचेच्या कापडाची पट्टी. सुरुवातीच्या काळात यासाठी पॉलिएस्टर रेझिन वापरत, आता इपॉक्सी, ती लाकडाला कितीतरी चांगली धरते. फक्त तिच्याशी सलगी करू नका. हार्डनर कातडीला लागत राहिला तर एक दिवस ॲलर्जी उठते आणि मग ती जात नाही. मला एक जण माहीत आहे, सहावी होडी बांधत होता, आता डबा उघडला तरी पापण्या सुजतात. पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला, हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, त्याने ती वाळत नाही, कायमची चिकट राहते. आणि कालवलेली इपॉक्सी खोल डब्यात ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर निघतो. पसरट ताटलीत घ्या.

आठ फुटांपेक्षा लांब होडीत पत्रे जोडावे लागतात, ते मघाशी म्हटलं ते भीतीचं काम. दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या, उताराचं प्रमाण आठास एक. सहा मिलिमीटरला अठ्ठेचाळीस मिलिमीटर उतार. भीती एवढ्यासाठी म्हणतो की बिघडलं तर अख्खा पत्रा जातो. पण खरी गंमत ऐका. प्लायवूडचे थर तुम्हाला स्वतःच सांगतात. बरोबर तासलंत तर थरांच्या रेषा कडेला समांतर, सरळ पट्ट्यांसारख्या दिसतात. जिथे रेषा वाकली तिथे खड्डा पडलाय. दोन टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा, तिसरा चांगला येतो.

प्लायवूडवर कंजुषी करू नका. मरीन प्लायवर बीएस 1088 असा ब्रिटिश मानकाचा शिक्का असतो, पण शिक्का मारणं सोपं आहे हे तुम्हालाही माहीत असेल. पत्रा घ्यायच्या आधी नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागून घ्या. घरी पातेल्यात दोन-तीन तास उकळवा, उन्हात खडखडीत वाळवा, परत उकळवा. थर सुटले तर ते प्लाय फडताळाला ठेवा. कडेला बघा, आतल्या थरात भोकं दिसतायत का. दिसली तर नको. पत्र्याच्या आत हवेची पोकळी राहिली की पाणी तिथेच घर करतं.

आता एक इशारा, कारण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर मी तो वास घेतलाय. तिथे तुम्ही लिहिलंय, ‘गोट आयलंड घेतलीच तर जरा मजबूत म्हणून नऊ मिलिमीटरचं प्लाय वापरीन.’ कोणत्याही होडीत हे करू नका. सहाचं नऊ केलं की वजन दीडपट होतं, इथवर सगळ्यांना कळतं. पण वाकायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे तो सव्वातीनपटीच्याही वर जातो. ज्या वळणावर सहाचा पत्रा हाताने बसला असता तिथे नऊचा तारा तोडेल, नाहीतर मधेच कडकन फुटेल. आणि जास्तीचं वजन पाण्यात होडीला खाली बसवेल, मग बाजूचा काठ पाण्याच्या जवळ येईल. मजबूत करायला गेलात आणि बुडायला सोपी केलीत. ‘जरा लांब करू’, ‘केबिन चार इंच उंच घेऊ’, ‘डोलकाठी फूटभर वाढवू’, हे सगळं त्याच जातीचं. पहिली होडी नकाशाबरहुकूम. दुसऱ्या होडीत हवी ती अक्कल लढवा.

नकाशा फुकट घ्यावा की विकत, असंही विचारलंय. फुकटातले काही फार चांगले आहेत. पण एकूण खर्चात नकाशाचा वाटा इतका छोटा असतो की तिथे वाचवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा बघा, सोबत किती पानी माहितीपुस्तिका आहे, तुकडे पत्र्यावर कसे मांडायचे याचं चित्र आहे का, सामानाची यादी पूर्ण आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिझायनर सोडून दुसऱ्या कुणी ती होडी बांधून पाण्यात घातलीय का. अशा दोन-तीन माणसांना गाठा आणि एकच प्रश्न विचारा: ती उलटवली तेव्हा काय झालं? कुणी म्हणालं, ‘कधी उलटलीच नाही’, तर त्याचं बाकीचं बोलणंही जपून ऐका. चांगली होडी कडेवर आडवी झाली तरी हवेच्या पेट्यांवर तरंगते, एका माणसाने बाहेर आलेल्या डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली सरकवलेल्या फळीवर, उभं राहिलं की सरळ होते, आणि आत कमीत कमी पाणी घेऊन उठते. तुमची होडी झाली की पहिल्याच आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटवून बघा. मुलीला हे फार आवडेल.

शिडाबद्दल फार लिहीत नाही. एकच लग शीड घ्या. डोलकाठी आखूड, तिला बाजूंनी ताणणाऱ्या तारा नाहीत, उभी करायला पाच मिनिटं. दोन शिडांची होडी वाऱ्याच्या तोंडाकडे जरा जास्त चढते खरी, पण तुम्हाला पहिल्या वर्षी दोन हातांत सुकाणू, एक दोरी आणि मुलीचे प्रश्न एवढंच पुरेल. शीड शिवायच्या भानगडीत सध्या पडू नका, शिवून घ्या. अगदी घाई झाली तर ताडपत्रीचं शीड एक मोसम काढतं, पडल डकवाल्यांनी ते जगाला दाखवून दिलंय.

लाकूड घ्यायच्या आधी दोन कामं करा, दोन्ही बिनखर्चाची. जाड पुठ्ठ्यातून एकास दहा मापाचं मॉडेल कापा आणि चिकटपट्टीने जोडा. एका संध्याकाळचं काम आहे. जे पुठ्ठ्यात जमत नाही ते प्लायमध्येही जमणार नाही, आणि कुठला तुकडा कुणाला भिडतो हे डोक्यात कायमचं बसतं. मुलीला कापू द्या, चुकलं तर पुठ्ठा आहे.

दुसरं, शेडच्या जमिनीवर खडूने होडी खऱ्या मापात काढा. बाक, डॅगरबोर्डची पेटी, डोलकाठीचं भोक, सगळं. मग तिघं त्यात एक तास बसा. डबा घेऊन बसा. एक जण उठून दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा बाकीच्यांचे पाय कुठे जातात ते बघा. माझ्या ओळखीत एकाने असं बसून पाहिलं आणि अर्ध्या तासात डिझाइन बदललं, कारण त्याचे गुडघे पेटीला लागत होते. कागदावर त्याला ते दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

आणि या सगळ्याच्या आधी, आठ-दहा वेळा पाण्यावर जा. मित्राला म्हणा, सुकाणू माझ्या हातात दे. तुम्हाला कदाचित कळेल की शीड आवडतं पण बांधणं नाही. मग जुनी होडी विकत घेऊन डागडुजी करा, त्यातही कमीपणा नाही. उलटही होईल. कळेल की बांधायलाच आवडतं, पाण्यावर कंटाळा येतो. अशी माणसं आहेत, त्यांच्या होड्या फार देखण्या असतात.

पत्राच्या अगदी शेवटी, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात, एक ओळ आहे. ती तुमच्या पत्नीने तुमच्या नकळत लिहिलेली असावी: ‘ही दारातून बाहेर येईल का, तेवढं विचारा.’ ताई, अख्ख्या पाकिटातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे. शेडच्या दाराची रुंदी यांनी चार पानांत कुठेही दिलेली नाही. दार पूर्ण उघडून, बिजागऱ्यांची आणि पल्ल्याची जाडी सोडून, आतल्या आत टेपने मोजा. उंचीही मोजा, कारण होडी कडेवर उभी करूनही काढता येते. बाहेर पडल्यावर वळायला समोर किती जागा आहे, झाड किंवा पायरी आहे का, तेही लिहा. आकडे यांच्याकडून नको, तुम्हीच पाठवा.